पीएम किसानचा हप्ता, अतिवृष्टीचे अनुदान आणि मयत वडिलांच्या नावावरचा सातबारा

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ): बाबा गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी वारले. साडेसहा एकर वावर अजून त्यांच्याच नावावर आहे. घरी मी, आई, माझी बायको. भाऊ पुण्याला कंपनीत. बाबांच्या खात्यात पीएम किसानचा आणि नमोचा हप्ता यायचा, तो बंद झाला. २०२५ च्या पावसात सोयाबीन गेले, पंचनामा झाला. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याला पैसे आले, आम्हाला नाही. बँकवाले तहसीलला जा म्हणतात, तहसीलवाले बँकेत जा म्हणतात. एक जण दोन हजारात सगळे करून देतो म्हणतो. ठिबकचा दुकानदारही मागे लागला आहे, आता संच घ्या, अनुदान मागाहून येते म्हणून. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

वडील गेल्याचे वाचून वाईट वाटले, भाऊ. आता कामाचे बोलतो. मी कृषी खात्यात मंडळ पातळीवर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातल्या कास्तकारांचे हेच कागद बघून देतो. तुम्ही पाच-सहा अडचणी लिहिल्या आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे. वावर मयताच्या नावावर आहे. फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) झाला की निम्मे प्रश्न सुटतील, उरलेल्यांसाठी थोडे फिरावे लागेल.

अनुदानाचा पैसा नोंदीच्या मागे चालतो. सातबाऱ्यावरचे नाव, त्या नावाचे आधार आणि त्या आधाराला जोडलेले खाते, या तिन्ही ठिकाणी एकच जिवंत माणूस दिसला तरच रक्कम पोचते. म्हणून कार्यालयात जाऊन ‘पैसे कधी येतील’ असे विचारू नका. त्याचे उत्तर समोरच्या माणसाकडे नसते, आणि मग तो तुम्हाला दुसऱ्या दारी पाठवतो. ‘आमचे प्रकरण कोणत्या टप्प्यावर थांबले आहे आणि तिथे शेरा काय आहे’ असे विचारा. स्क्रीनवर जो शेरा दिसेल तो जसाच्या तसा वहीत लिहून घ्या. त्या एका ओळीवरून पुढचे दार कोणते ते कळते.

वारस नोंदीपासून सुरुवात करा. वारस हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तुमची मुदत उलटली आहे, पण त्यामुळे हक्क जात नाही. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो, नाहीतर तलाठ्याकडे द्या (पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी असे लिहिलेले असेल). सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा), सगळ्या वारसांचे आधार आणि वारसांबद्दलचे प्रतिज्ञापत्र जोडा. वाद नसेल तर या नोंदीला कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. कोणी मागितला तर तसे लेखी द्या म्हणा. तलाठी नोंद घेतो, नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. बुलढाणा जिल्ह्यात सुरू होऊन २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर राबवलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच कामासाठी होती. मयतांच्या नावावर किती वावरे पडून आहेत आणि त्यापायी किती घरांचे पैसे अडतात, हे सरकारच्याही ध्यानात आले म्हणूनच ती निघाली.

तुम्ही बहिणीचा उल्लेख केलेला नाही. बहीण असेल तर तिचे नाव वारसांत घालाच. ‘ती सासरी गेली, तिचे काय’ असे म्हणून नाव गाळलेले फेरफार मी खूप पाहिले आहेत. कधी हरकत येते, कधी वर्षांनी नोंद रद्द होते, आणि तोवर आलेल्या प्रत्येक अनुदानावर शंका घेतली जाते. तिला खरेच हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करतात. तो तिचा निर्णय आहे, आणि तो नंतरचा विषय आहे.

फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर तुमची सगळ्यांची नावे सामाईक लागतील. इथे पुढची पायरी बरेच जण विसरतात. प्रत्येक खातेदाराचा स्वतंत्र शेतकरी ओळख क्रमांक काढावा लागतो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांना हा क्रमांक सक्तीचा आहे. सेवा केंद्रावर आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन जा. काढताना तुमचा गट नंबर त्यात दिसतो का ते स्वतः बघा. घाईत एखादा गट जोडायचा राहतो आणि पुढे नुकसानीच्या यादीत तेवढे वावर गळते. आईचे नाव सातबाऱ्यावर ‘कमला’ आणि आधारवर ‘कमलाबाई’ अशी तफावत असेल तर आत्ताच दुरुस्त करा. मंजुरी तलाठ्याकडे जाऊन थांबते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

आता पीएम किसान. बाबांचे लाभार्थीपण त्यांच्याबरोबर संपले, त्यांच्या नावाचा हप्ता तुमच्याकडे वळवता येत नाही. ते गेल्यानंतरही त्यांच्या खात्यात एखादा हप्ता पडला असेल तर तो खर्चू नका. तो परत करावा लागतो, तालुका कृषी कार्यालयात तसे लेखी कळवा. त्यानंतर वारसांनी नवीन नोंदणी करायची. या योजनेत जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर हवी, पण मालकाच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. नोंदणी करताना जमीन नावावर येण्याचे कारण विचारतात, तिथे वारसा हेच निवडा आणि फेरफाराची प्रत जोडा. सेवा केंद्रावरच्या पोराने घाईत खरेदी निवडले की अर्ज बाद. अशा वेळी लोकांना आपण अपात्र आहोत असे वाटते आणि ते नाद सोडतात. नोंदणी पुढ्यात बसून, प्रत्येक रकाना वाचून करून घ्या.

या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुले. त्या हिशेबाने विधवा आईचे कुटुंब वेगळे, तुमचे वेगळे, भावाचे वेगळे. आईला आणि तुम्हाला दोघांनाही लाभ घेता येतो. तुम्ही आणि तुमची बायको दोघांनी मात्र घेऊ नका. तसे आढळले की हप्ते थांबवून तपासणी लावतात. भाऊ कंपनीत आहे. मागच्या कर निर्धारण वर्षात त्याने प्राप्तिकर भरला असेल तर तो अपात्र. त्याला नोंदणी करू देऊ नका, वसुली लागते. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानची यादीच राज्य वापरते. म्हणजे एक नोंदणी नीट झाली की केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे ६,००० असे १२,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांत.

आई लाडकी बहीण योजनेत असेल तर एक गोष्ट आधीच घरात सांगून ठेवा. नमो आणि पीएम किसान सुरू झाले की लाडकी बहीणचे दीड हजार येत नाहीत, फरकाचे पाचशे येतात. ते कळले नाही तर बाईमाणूस उगाच घाबरून सेवा केंद्राच्या चकरा मारते.

नोंदणीनंतर पीएम किसानच्या संकेतस्थळावर स्थिती बघत राहा. तिथे जमिनीची नोंद, ई-केवायसी (आधारने ओळख पटवणे) आणि आधार-बँक जोडणी अशा तीन गोष्टींपुढे हो किंवा नाही दिसते. जमिनीपुढे ‘नाही’ असेल तर काम तहसीलच्या बाजूचे, बँकेत जाऊन काही होणार नाही. आधार जोडणीपुढे ‘नाही’ असेल तर काम बँकेचे. ई-केवायसी तुम्ही घरी ओटीपीने करू शकता. तुम्हाला जे दोन दारांमध्ये फिरवले गेले ते बहुधा हे पान कोणीच उघडून न पाहिल्याने. आणखी एक. ‘आरएफटी साइन्ड’ किंवा ‘एफटीओ जनरेटेड’ असे दिसले म्हणजे पैसे आले असे नव्हे. पहिल्याचा अर्थ राज्याने रक्कम मागितली, दुसऱ्याचा अर्थ पाठवण्याचा आदेश निघाला. त्यानंतरही बँकेकडून व्यवहार परत जाऊ शकतो. हप्त्यांसाठीची मदतवाहिनी १५५२६१ आहे, पण जमिनीची नोंद तिथून दुरुस्त होत नाही.

बँकेच्या बाबतीत जरा थांबून सांगतो, कारण विदर्भातल्या खेड्यात सगळ्यात जास्त पैसा इथेच हरवल्यासारखा होतो. खाते आधारला ‘लिंक’ असणे आणि अनुदानासाठी आधार ‘सीड’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार चार खात्यांना लिंक असू शकते. पण अनुदान कोणत्या बँकेत पाठवायचे याची जी नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशाचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे) असते, त्यात एका वेळी एकच बँक असते, आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेने सीडिंग केले तीच. गेल्या दोन वर्षांत बायांनी लाडकी बहीणसाठी पोस्टात नवी खाती उघडली. त्या दिवसापासून त्यांचे शेतीचे पैसेही मुकाट्याने तिकडे जायला लागले.

माझ्याकडे आर्णीकडची एक विधवा बाई आली होती. पिशवीत ग्रामीण बँकेचे पासबुक, तलाठ्याच्या यादीची झेरॉक्स, यादीत नावापुढे रक्कम स्पष्ट. पासबुक मात्र कोरे. ती तहसीलवाल्यांना दोष देत होती, आणि यादी पाहता तिचे काही चूक नव्हते. आधारच्या संकेतस्थळावर तिचा क्रमांक टाकला, तिच्या पोराच्या मोबाइलवर ओटीपी आला, आणि पानावर बँकेचे नाव दुसरेच निघाले. पोस्टाचे. त्या खात्याचे कार्ड घरी गॅसच्या पुस्तकात ठेवले होते. पोस्टमनने अंगठा घेऊन शिल्लक दाखवली तेव्हा अतिवृष्टीची रक्कम तिथेच पडून होती. तुम्ही आईचे आणि स्वतःचे सीडिंग याच पद्धतीने आजच तपासा. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसती आधारची झेरॉक्स देऊन येऊ नका.

बाबांच्या नावावर पीककर्ज थकलेले असेल तर आणखी एक अडचण येऊ शकते. खाते होल्डवर टाकतात किंवा मदत परस्पर कर्जात वळती करतात. नैसर्गिक आपत्तीची मदत कर्जखात्यात वळती करू नये असे मदतीच्या शासन निर्णयांत लिहिलेले असते. त्या निर्णयाची प्रत लावून शाखाधिकाऱ्याला अर्ज द्या, एक प्रत तहसीलदाराला आणि एक जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. संकटातल्या माणसाच्या हातातली मदत कापून घेणे मला अन्यायच वाटतो. तोंडी विनवणी करत बसू नका, लेखी मागा.

अतिवृष्टीचे तुमचे प्रकरण मला असे दिसते. पंचनामा झाला, पण यादीत नाव सातबाऱ्यावरचे, म्हणजे बाबांचे. मयताची ई-केवायसी होत नाही, म्हणून रक्कम मंजूर असूनही सुटत नाही. शेजाऱ्याकडे शेतकरी ओळख क्रमांक असेल. तो असणाऱ्यांना २०२५ मध्ये वेगळी ई-केवायसीही करावी लागली नाही, म्हणून त्याचे लवकर आले. तलाठ्याकडे यादी बघा, बाबांच्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक (आपल्याकडे व्हीके नंबर म्हणतात तो) लिहून घ्या. मृत्यूचा दाखला आणि फेरफाराची प्रत जोडून यादीत वारसांची नावे घेण्याचा अर्ज तहसीलदाराच्या नावे द्या. फेरफार व्हायचा असला तरी अर्ज आजच द्या आणि नोंदीचा क्रमांक मागाहून देतो असे लिहा. तुमचा दावा त्या तारखेपासून कागदावर राहतो. एकाच्याच खात्यात रक्कम घ्यायची असेल तर बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. भावाला पुण्याहून एकदा बोलवा आणि सगळ्या सह्या एकाच दिवशी उरका.

रक्कम किती, याचा अंदाज तुम्हाला असावा. मदतीसाठी ३३ टक्के किंवा जास्त नुकसान लागते. कोरडवाहू पिकाचा आपत्ती निधीतला दर हेक्टरी ८,५०० रुपये आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने जे पॅकेज जाहीर केले त्यात रब्बीच्या बियाणे-खतासाठी हेक्टरी १०,००० जास्तीचे आणि मर्यादा तीन हेक्टरची. साडेसहा एकर म्हणजे २.६३ हेक्टर, मर्यादेच्या आत. पण हिशेब बाधित क्षेत्रावर होतो. समजा पंचनाम्यात १.२० हेक्टर लिहिले असेल तर १०,२०० आणि १२,०००, असे मिळून २२,२००. या दोन रकमा वेगवेगळ्या वेळी पडल्या, त्यामुळे गावोगावी ‘अर्धेच आले’ अशी ओरड झाली. म्हणून आधी पंचनाम्यातले क्षेत्र बघा. ते चुकले असेल तर भांडण तिथले आहे, खात्यात आलेल्या रकमेचे नाही.

पीकविम्याची यात गल्लत करू नका. तो कंपनीचा पैसा. खरीप २०२३ पासूनचा एक रुपयातला विमा खरीप २०२५ ला बंद झाला, आता हप्ता भरावा लागतो. २०२५ च्या खरिपात भरपाई महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावर ठरवायची होती. वैयक्तिक नुकसानीची ७२ तासांतली तक्रार त्यात नव्हती. त्यामुळे वावर वाहून गेले तरी मंडळाचे सरासरी उत्पन्न बरे निघाले तर विमा मिळत नाही. मला हे पटत नाही, पण नियम माहीत असलेला बरा.

ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) दर हंगामात स्वतः करा, वावरात उभे राहून फोटो काढा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत दिले गेले, त्याचा पाया हीच नोंद होती. पीक उभे होते पण नोंद नव्हती अशा कास्तकारांना त्या वेळी वणवण करावी लागली. पूर्वेकडे गोंदिया-भंडाऱ्यात धानाच्या बोनसचे तसेच, नोंदणी केलेल्यालाच मिळतो.

आणि तुम्ही दुसऱ्याचे वावर ठोक्याने (भाड्याने) करत असाल तर तेही सांगतो. वरचे जवळजवळ काहीच ठोक्याने करणाऱ्याला मिळत नाही. पेरतो तो, बुडतो तो, आणि मदत सातबाऱ्यावरच्या नावाला. मालक समजूतदार असेल तर देतो, नाहीतर नाही. विदर्भात कितीतरी भूमिहीन घरे अशी शेती करतात आणि या सगळ्या योजनांमधली मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट हीच आहे. मालक तयार असेल तर नोंदणीकृत भाडेकरार करा, निदान पीकविमा तरी तुमच्या नावाने काढता येईल.

दोन हजार मागणाऱ्याला काही देऊ नका. वर सांगितलेल्यातले असे एकही काम नाही जे तो करू शकतो आणि तुम्ही करू शकत नाही. सेवा केंद्रात दरफलक असतो, त्याप्रमाणे पैसे द्या आणि पावती घ्या. अंगठा आणि ओटीपी कशासाठी घेताहेत ते विचारल्याशिवाय देऊ नका. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी फाइल आली तर ती उघडू नका. तिने मोबाइलचा ताबा घेऊन खाती रिकामी केल्याच्या घटना झाल्या आहेत.

राहिले ठिबक. दुकानदाराचे ऐकून संच आत्ता घेतला तर अनुदान जाईल. महाडीबीटीवर (राज्याच्या योजनांच्या अर्जाच्या संकेतस्थळावर) अर्ज, निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, मग खरेदी, मग वावरात येऊन तपासणी, मग पैसे, असा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला राज्याच्या पूरक अनुदानासह ८० टक्के, त्यावरच्याला ७५ टक्के मिळते, पण ते सरकारने ठरवलेल्या प्रमाण खर्चावर. दुकानदाराचे बिल त्याहून मोठे असेल तर वरचा फरक तुमचा. शिवाय पूर्ण रक्कम आधी तुम्हाला उभी करावी लागते आणि अनुदान कित्येक महिने थकते, तेव्हा त्या भरवशावर सावकाराचे पैसे उचलू नका. वारस नोंद झाल्यावर, आठ-अ वर स्वतःचे क्षेत्र किती दिसते ते बघून अर्ज करा. आज बाबांच्या नावावर २.६३ हेक्टर आहे. तेच आई, तुम्ही आणि भाऊ अशा तिघांत विभागले तर प्रत्येकाचे ०.८८ च्या आसपास येते, म्हणजे तुम्ही ८० टक्क्यांच्या गटात बसता. संमतीपत्रावर सह्या घ्यायला भाऊ येईल, त्याच दिवशी सामाईक विहिरीच्या आणि ठिबकच्या संमतीवरही त्याची आणि आईची सही घेऊन ठेवा, तो कागद महाडीबीटीला लागतो.